चौदा पौंडांची टर्की

१९९८ सालचा थँक्सगिव्हिंग. आम्हाला मेरीलँडमध्ये येऊन तिसरं वर्ष चालू होतं. पहिली दोन वर्षं आम्ही लोकांकडे पाहुणे म्हणून जेवून आलो होतो, त्यामुळे या खेपेला आपणही काहीतरी करायला हवं असं मनात होतं. मंडळातली सहा कुटुंबं आमच्या अपार्टमेंटच्या क्लब हाऊसमध्ये जमणार होती. शाकाहारी मंडळींसाठी पुरणपोळीपासून भरल्या वांग्यापर्यंत सगळं होतं. (त्यांनी इथेच पान उलटू नये. पुढे या लेखात जहांगीर बादशहा येणार आहे!) खाणाऱ्यांसाठी दोन टर्की ठरल्या. एक मी भाजणार, एक आमच्या एक वहिनी. दोन्ही चौदा-चौदा पौंडांच्या.

वहिनींनी सेलमधली, दगडासारखी गोठवलेली टर्की आणली. मला मात्र पहिलाच मान मिळालेला, त्यात सासूबाई कराडहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. मी नवऱ्याला घेऊन चाळीस मैलांवरच्या एका शेतावर गेले आणि वहिनींच्या तिप्पट पैसे मोजून ताजी टर्की घेऊन आले. घरी आल्यावर पाहिलं तर तिच्या कातडीवर बारीक काळे ठिपके. खराब तर नाही ना, म्हणून मी ते अर्धा तास खरवडत बसले होते. मग आलं-लसूण, दही, तिखट, थोडा गोडा मसाला लावून रात्रभर मुरवली आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकात दिलं होतं तसं, मांडीत थर्मामीटर खुपसून १८० अंश फॅरनहाइट दिसेपर्यंत भाजली.

टेबलावर काय झालं ते सांगायला आजही जिवावर येतं. वहिनींच्या टर्कीचे पांढरेशुभ्र काप पडत होते, पडतच होते. दहा ताटं झाली तरी छाती संपेना, आणि प्रत्येक कापातून रस गळतोय. माझ्या टर्कीची छाती चार ताटांतच आटोपली. खाली सगळा हाडांचा सांगाडा आणि लांबच लांब तंगड्या. जे मांस होतं ते लाकडाच्या भुश्यासारखं. एका भाऊजींनी "वहिनी, जरा पाणी द्या हो" म्हटलं आणि सगळे हसले. मीही हसले. रात्री भांडी घासताना मात्र रडू आलं.

सासूबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "गावठी होती का गं?"

तेव्हा मला तो टोमणा वाटला. कराडच्या बाईला टर्कीतलं काय कळणार, असंही वाटलं असेल. पुढे अनेक वर्षं, दर नोव्हेंबरात, हाताला लागेल ते वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की त्या तीन-चार शब्दांत अमेरिकन टर्कीचा सगळा इतिहास होता.

टर्की मूळची याच खंडातली. मेक्सिकोतल्या लोकांनी ती निदान दोन हजार वर्षांपूर्वी पाळायला सुरुवात केली. आजच्या अमेरिकेच्या नैऋत्येला राहणाऱ्या प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनीही ती स्वतंत्रपणे माणसाळवली होती, पण आपल्या ताटात येते ती मेक्सिकोची लेक. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी तिला युरोपात नेलं आणि तिथे नावांचा जो गोंधळ झाला तो वाचून मी एकटीच हसत बसले होते. इंग्रजांना ती तुर्कस्तानची वाटली म्हणून टर्की. तुर्कांना ती हिंदुस्थानची वाटली म्हणून त्यांच्याकडे तिचं नाव 'हिंदी'. फ्रेंच 'दँद' म्हणतात, म्हणजे भारतातली. डच लोकांनी तर थेट कालिकत गाठलं आणि 'काल्कून' म्हटलं. पोर्तुगीज तिला 'पेरू' म्हणतात, आणि आपल्याकडे पेरू म्हणजे मीठ-तिखट लावून खायचं फळ!

भारताशी तिचा खरा संबंध आला तो गोव्यातून. १६१२ साली जहांगीर बादशहाने मुकर्रबखान नावाच्या आपल्या सरदाराला नवलाईच्या वस्तू आणायला गोव्याच्या पोर्तुगीजांकडे पाठवलं. त्याने जे प्राणी-पक्षी आणले त्यात एक टर्कीचा नर होता. बादशहाने तो बारकाईने पाहिला. त्याने आठवणींत लिहून ठेवलंय की हा पक्षी लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान, पिसारा फुलवून नाचतो आणि त्याच्या डोक्यामानेचे रंग सरड्यासारखे पालटतात. उस्ताद मन्सूर या दरबारी चित्रकाराने त्याचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. कधी लंडनला गेलात तर जरूर शोधा. त्या टर्कीची छाती नीट बघा: पुढे आलेली, पण आजच्यासारखी दोन उश्या बांधल्यासारखी नाही.

इंग्रज वसाहतवाले अमेरिकेत आले तेव्हा युरोपात पाळलेली टर्की बरोबर घेऊन आले. म्हणजे ती समुद्र ओलांडून गेली आणि पाळीव होऊन परत आली, आपल्यातल्या काहींच्या मुलांसारखी उलटसुलट. इथल्या रानटी टर्कीशी तिचा संकर झाला आणि ब्रॉन्झ नावाची जात निघाली. काळपट पिसांवर तांब्याची झाक. १८७४ साली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने ज्या जातींना मान्यता दिली त्यात ब्रॉन्झ होती. १८६३ मध्ये लिंकनने राष्ट्रीय थँक्सगिव्हिंगची घोषणा केली त्या काळात ताटात असायची ती अशीच टर्की. उंच पाय, छातीचं हाड होडीच्या कण्यासारखं धारदार आणि पुढे आलेलं, दोन्ही बाजूंना मांस बेताचं. दिवसभर शेतात किडे-धान्य टिपत फिरायची, रात्री झाडावर जाऊन बसायची. तयार व्हायला सहा-सात महिने लागायचे.

आता इथून पुढे अमेरिकेचा स्वभाव सुरू होतो. लोकांना छातीचं पांढरं मांस आवडतं ना? मग छातीच मोठी करू. १९२० च्या दशकाच्या शेवटी जेसी थ्रॉसेल नावाच्या गृहस्थाने इंग्लंडमधून कॅनडात, ब्रिटिश कोलंबियात, रुंद छातीच्या टर्की आणल्या. त्या पुढे अमेरिकेत आल्या, इथल्या ब्रॉन्झशी त्यांचा संकर झाला आणि 'ब्रॉड ब्रेस्टेड ब्रॉन्झ' तयार झाली. छाती एवढी वाढली की नर-मादीचं नैसर्गिक मीलनच होईना. त्यावर उत्तर निघालं कृत्रिम रेतनाचं, आणि १९६० च्या दशकापर्यंत तीच रीत झाली. वाचताना मी इथे थांबले होते. जो पक्षी माणसाच्या हाताशिवाय स्वतःचा वंशही पुढे नेऊ शकत नाही, तो आपण 'आभार मानायच्या' दिवशी मधोमध ठेवतो.

मग प्रश्न आला रंगाचा. काळ्या पिसांच्या पक्ष्याची पिसं उपटली तरी कोवळ्या पिसांची मुळं कातडीत राहतात आणि काळे ठिपके दिसतात. दुकानात ते बरं दिसत नाही. (मी अर्धा तास खरवडत होते ते हेच!) म्हणून पांढऱ्या पिसांची, पण तितकीच रुंद छातीची टर्की तयार केली गेली. कॅलिफोर्नियात सोनोमाला जॉर्ज निकोलस यांनी १९५० च्या दशकात यावर मोठं काम केलं. आज दुकानात मिळणारी जवळजवळ प्रत्येक टर्की या पांढऱ्या, रुंद छातीच्या घराण्यातली. १९३० च्या सुमारास अमेरिकन टर्कीचं सरासरी जिवंत वजन तेरा पौंडांच्या आसपास होतं. आता ते तीस पौंडांच्या पुढे गेलंय.

या सगळ्यात आपल्या मेरीलँडचा एक मोठा वाटा आहे, आणि तो आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असतो. ९५ नंबरच्या हायवेवरून ये-जा करताना बेल्ट्सव्हिलची पाटी आपण हजारदा पाहिलेली असते. तिथल्या सरकारी शेती संशोधन केंद्रात १९३४ साली स्टॅन्ली मार्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी उलटं काम हाती घेतलं. मोठी नव्हे, लहान टर्की. कारण शहरातली घरं लहान होती, ओव्हन लहान, फ्रिज लहान, कुटुंबंही लहान होत चालली होती. १९३६ च्या एका पाहणीत बहुसंख्य ग्राहकांनी आठ ते पंधरा पौंडांचा पक्षी हवा असं सांगितलं होतं. त्यांना हवी होती कमी वजनाची, तरीही छातीवर भरपूर मांस असलेली, कातडीवर काळे ठिपके नसलेली टर्की. व्हाइट हॉलंड, ब्रॉन्झ, रानटी टर्की आणि आणखी काही जातींचा संकर करत करत १९४१ पर्यंत त्यांनी ती तयार केली. तिचं नाव बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट. १९५० च्या दशकात ती घरोघरी गेली.

आणि १९७० च्या दशकापर्यंत ती जवळजवळ नाहीशी झाली.

का? तर हॉटेलवाल्यांना आणि कारखानदारांना मोठी टर्की परवडत होती. पिसं काढणं, साफ करणं, हा खर्च प्रत्येक पक्ष्यामागे साधारण सारखाच, मग मांस जास्त निघणारा पक्षी का घेऊ नये? राहिला प्रश्न लहान कुटुंबांचा. त्यावर फार साधी युक्ती होती. मोठ्या जातीचा पक्षी लहान वयातच मारायचा. चौदा पौंड पाहिजेत ना, मग चौदा पौंड भरले की झालं.

आमच्या दोन टर्कींचं कोडं इथे सुटायला लागलं. पक्ष्याचं शरीर वाढतं त्याला एक क्रम असतो. आधी हाडं, मग मांस, शेवटी चरबी. म्हणजे काट्यावर चौदा पौंड दाखवणारे दोन पक्षी आतून अगदी वेगळ्या मुक्कामावर असू शकतात. एक लहान जातीचा, पुरता वाढलेला, कातडीखाली चरबी धरलेला. दुसरा धिप्पाड जातीचा, अजून पोरवयातला. नर आणि मादी यांच्यातही तेच. आज मादी बारा-चौदा आठवड्यांत बाजारात जाते. नराला अठरा-वीस आठवडे वाढवतात आणि तो चाळीस पौंडांच्या पुढे जातो. त्याचे बहुतेक काप, सॉसेज वगैरे होतात. दुकानातली अख्खी टर्की बहुधा मादी असते. मादी लवकर भरते. त्याच वजनाचा त्याच जातीचा नर घेतलात तर तो कमी वयाचा असणार. हाडापेराने मोठा, अंगावर मांस भरायचं राहिलेलं. आपल्याकडे उंच, हडकुळ्या मुलाला बघून "अजून अंग भरायचंय" म्हणतात ना, तसंच.

हे झालं मांस किती याचं. ओलावा ही निराळी गोष्ट आहे, आणि मी कित्येक वर्षं या दोन गोष्टींची गल्लत करत होते. मला वाटायचं, जी टर्की रसाळ ती भरगच्च. तसं काही नसतं. कधीकधी नेमकं उलटं असतं.

टर्की दिवसभर चालते, उडते अगदी थोडी. पायाच्या स्नायूंना सतत काम, त्यामुळे त्यांत मायोग्लोबिन जास्त, रंग गडद, चरबी आणि चिवट कोलॅजेनही जास्त. हे कोलॅजेन बराच वेळ शिजलं की त्याचं जिलेटिन होतं. पायाचा रस्सा थंड झाला की थिजतो, तेच ते. म्हणून तंगडी १८० अंशांनाही मऊ लागते. छातीत हे काहीच नसतं. ती १५० अंशांच्या पुढे गेली की धागे आवळतात आणि पिळलेल्या पंचासारखं पाणी बाहेर टाकतात. एकाच पक्ष्यात हे दोन प्राणी एकत्र बांधलेले, आणि आपण ते अख्खंच्या अख्खं एका ओव्हनमध्ये घालतो!

त्यात आमच्या वेळची पुस्तकं मांडीला १८० अंश सांगायची. टर्कीत खोचलेली ती प्लास्टिकची खुंटी, शिजल्यावर टुणकन वर येते ती, तीही साधारण तेवढ्यालाच उडायची. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या टर्की उत्पादकांच्या मंडळाने ती काढली. बैठकीत कुणाची तरी नजर छतावरच्या आग विझवायच्या फवाऱ्याकडे गेली आणि त्यावरून कल्पना सुचली अशी गोष्ट सांगतात. फवाऱ्यात उष्णतेने वितळणारा धातू असतो, खुंटीतही तोच. पण ती वर येईपर्यंत छातीचा जीव गेलेला असतो. २००६ साली सरकारी कृषी खात्याने १६५ अंश पुरेत असं जाहीर केलं. मला आठ वर्षं उशीर झाला.

आता वहिनींच्या टर्कीकडे येऊ. त्या गोठवलेल्या टर्कीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत एक ओळ असते, ती आपण कधी वाचत नाही. 'अमुक टक्क्यांपर्यंत द्रावण असलेली.' हे द्रावण म्हणजे पाणी, मीठ, बहुधा सोडियम फॉस्फेट आणि थोडे स्वाद. सुया टोचून ते मांसात सोडतात. मिठाने मांसातली प्रथिनं फुगतात आणि तापल्यावरही पाणी धरून ठेवतात. म्हणून अशी टर्की अर्धा तास जास्त भाजली गेली तरी माफ करते. पण आठ टक्के म्हणजे चौदा पौंडांत साधारण एक पौंड खारं पाणी, आणि ते आपण टर्कीच्या भावाने विकत घेतो. आपल्याकडे दूधवाल्याला आपण काय काय बोलायचो! मात्र एक सूचना. अशा टर्कीला पुन्हा मिठाच्या पाण्यात बुडवू नका आणि मसाल्यात मीठ हात राखूनच घाला. एका वर्षी मी वहिनींचं बघून द्रावणाची टर्की आणली आणि सवयीने वर मुठीने मीठ चोळलं. तोही एक किस्सा आहे, पण तो नको.

पाणी आणखी एका वाटेने शिरतं. कापल्यावर पक्षी थंड करायला बर्फाच्या पाण्यात बुडवतात, तेव्हा तो थोडं पाणी पितो. हे किती ते वेष्टनावर लिहिणं जानेवारी २००३ पासून सक्तीचं झालं. हे पाणी मात्र फसवं. मिठाने बांधलेलं नसल्यामुळे ते ओव्हनच्या ताटात उतरतं. गोठवण्याचाही हात असतो. सावकाश गोठलं तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, मांसाच्या पेशी फोडतात आणि वितळताना रस निघून जातो. घरच्या फ्रीझरमध्ये अर्धी वितळून परत गोठवलेली टर्की कोरडी का लागते ते यात आलं. 'ताजी' या शब्दालाही १९९७ पासून नियम आहे: जी २६ अंश फॅरनहाइटच्या खाली कधी गेली नाही तीच ताजी.

आणि एक कारण आहे जे कुठल्याच वेष्टनावर लिहीत नाहीत. मारण्याआधी पक्षी घाबरला, उन्हात तापला, गाडीत कोंबला गेला, तर स्नायूंतलं आम्ल मेल्यावर फार झपाट्याने वाढतं. शरीर अजून गरम आणि त्यात आम्ल, म्हणजे प्रथिनं तिथेच खराब होतात. मांस फिकट, लिबलिबीत होतं आणि पाणी सोडत राहतं. झपाट्याने वाढणाऱ्या टर्कींमध्ये हे १९९० च्या दशकापासून चांगलंच अभ्यासलं गेलंय. त्या मांसाला तुम्ही दही लावा नाहीतर लोणी, ते कोरडंच होणार. तसंही दही-मसाला वरच्या थरापुरता. रात्रभरात आत पोचतं ते फक्त मीठ.

माझी ती महागडी टर्की कुठल्या जातीची होती हे आज कोण सांगणार? पण काळे ठिपके, उंच तंगड्या, अरुंद छाती, अंगात थेंबभर द्रावण नाही. ब्रॉन्झच्या गोतातला कोवळा नर असावा असं मला वाटतं. १९९७ साली इथल्या दुर्मिळ पाळीव जाती जपणाऱ्या संस्थेने गणती केली तेव्हा जुन्या जातींच्या पैदाशीच्या टर्की सगळ्या देशात मिळून तेराशेच्या आसपास भरल्या होत्या. म्हणजे कदाचित मी एक दुर्मिळ पक्षी घरी आणला, त्याचे ठिपके खरवडले आणि पाव-मैद्याच्या पुस्तकातल्या तापमानाला त्याची राख केली. अशा पक्ष्याला चव असते, चरबी असेल तर रसही असतो, पण त्याची छाती पातळ. ती रुंद छातीच्या कितीतरी आधी शिजते. छाती आणि पाय वेगळे करून भाजायला हवे होते, किंवा मग भाजायलाच नको होती.

सासूबाईंना हे सगळं वाचावं लागलं नव्हतं. त्यांच्या लहानपणी कराडला कोंबडी म्हणजे परड्यातली, हाडकुळी आणि तासभर शिजणारी. १९७० नंतर हळूहळू ब्रॉयलर आली, गुबगुबीत आणि पंधरा मिनिटांत मऊ होणारी. दोन्ही एकाच वजनाच्या घेतल्या तर कुणात मांस किती निघतं, कुणाचा रस्सा करायचा आणि कुणाला तंदूर लावायचा, हे त्यांच्या पिढीच्या बायकांनी आपल्याच चुलीवर पाहिलं होतं.

त्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेला सांगाडा कचऱ्यात टाकायला निघाले तर त्यांनी हातातून काढून घेतला. तंगड्या सोडवल्या, हाडं मोडली, इथल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात घालून मंद आचेवर तीन तास ठेवली. सुकं खोबरं, कांदा, तीळ, खसखस भाजून वाटण केलं. दुपारी वासाने खालच्या मजल्यावरचे लोक दार वाजवून विचारून गेले. संध्याकाळी वहिनींचा फोन आला, म्हणाल्या, "आमची छाती उरलीय गं बरीच, पण आज खायला गेलो तर नुसती खारट लागतेय. तुझ्याकडे काय आहे?"

"रस्सा आहे," मी म्हटलं. "भाकरीचं पीठ असेल तर घेऊन या."